डॉकर डेस्कटॉप : आठ जीबीच्या लॅपटॉपला झेपेल का?

झेपतं, पण लगाम घालावा लागतो. कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) शिकायचे म्हणून नांदेड-लातूरकडची पोरं सहसा विंडोजवर थेट डॉकर डेस्कटॉप, म्हणजे हे कंटेनर चालवणारं ॲप, टाकतात, आणि टाकणं खरंच सोपं आहे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आणि डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) असलं की काम झालं. अडचण पुढे येते. आतला लिनक्स मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत हात मारतो. शेजारी ब्राउझर आणि व्हीएस कोड उघडा असला की आठ जीबी पुरत नाहीत. युजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' ही फाइल करून मेमरी ३ जीबीवर बांधा, डब्ल्यूएसएल शटडाउन करा, मग डॉकर पुन्हा सुरू करा. त्यानंतर एखादा कंटेनर १३७ कोड देऊन मेला तर कोडमध्ये चूक शोधण्याआधी मेमरी संपली का ते बघा. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलमधल्या उबंटूच्या (म्हणजे लिनक्सच्या) होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरून लिनक्समध्ये फाइली वाचताना वेग फार पडतो.

डॅशबोर्ड देखणा आहे, शिकवत मात्र काही नाही. हिरवा दिवा लागलेला, ब्राउझरमध्ये पान नाही, असं हमखास होतं. कारण ॲप १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त कंटेनरच्या आतूनच पोचता येईल अशा पत्त्यावर, ऐकत असतं. ते ०.०.०.० वर (सगळ्या पत्त्यांवर) आणा आणि रन करताना पोर्ट जोडा; डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) नुसतं एक्स्पोज लिहून पोर्ट बाहेर उघडत नाही. डेटाबेसचंही तसंच. कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायच्या फाइलमध्ये) होस्ट म्हणून लोकलहोस्ट नव्हे, सर्व्हिसचं नाव द्यायचं.

रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर इमेज निवडताना हात आखडता ठेवा. पायथनची पूर्ण इमेज डिस्कवर जवळपास एक जीबी घेते, स्लिम (छाटलेली) इमेज दोनशे एमबीच्या आत राहते. डॉकरफाइलमध्ये रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) आधी कॉपी करून पिप इन्स्टॉल, बाकीचा कोड नंतर. क्रम उलटला की एक ओळ बदलली तरी सगळी पॅकेजं पुन्हा उतरतात.

कॉलेज लॅबमध्ये वेगळंच दुखणं. लॉगिन न करता डॉकर हबवरून (तयार इमेजच्या ऑनलाइन भांडारातून) एका आयपीला, म्हणजे एका नेट जोडणीच्या पत्त्याला, सहा तासांत १०० पुल (इमेज उतरवणं) मिळतात. साठ पोरांनी दोन-दोन इमेज ओढल्या की 'टू मेनी रिक्वेस्ट्स'. प्रत्येकाने फुकट खातं काढावं, नाहीतर एकाने उतरवून 'डॉकर सेव्ह'ने टार फाइल करावी, पेनड्राइव्ह फिरवावा, बाकीच्यांनी 'डॉकर लोड' करावं. लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसताना हाच मार्ग बरा.

डॉकर डेस्कटॉप शिकण्यासाठी आणि वैयक्तिक वापराला फुकट आहे. २५० किंवा जास्त कर्मचारी, किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीत मात्र पैसे भरावे लागतात. लॅपटॉपवर उबंटूच असेल तर हे टाकूच नका. नुसतं डॉकर इंजिन (कंटेनर चालवणारा मूळ भाग) घ्या: मधलं व्हर्च्युअल मशीन नाही, त्यामुळे रॅम वाचते. युजरला डॉकर ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट-लॉगिन करा, नाहीतर प्रत्येक कमांडला सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावत बसाल.