गिलाव्याआड दडवलेली चोरी

घराचं बांधकाम चालू असेल आणि भिंतींना गिलावा व्हायचा असेल, तर हे आत्ताच वाचा.

आमच्या घराचे कॉलम-बीम चांगले झाले होते. फसवलं ते त्यांच्यामध्ये भरलेल्या विटांच्या भिंतींत. राहायला गेलो आणि थोड्याच काळात खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या. भिंत कॉलमला भिडते तिथे तर वरपासून खालपर्यंत सरळ चीर. ठेकेदार म्हणाला, "अहो, गिलाव्याच्या भेगा आहेत या, पुट्टी भरली की दिसणारसुद्धा नाहीत." आम्ही दुसऱ्या इंजिनिअरला बोलावून गिलावा फोडून घेतला.

लिंटेल, म्हणजे खिडकीच्या वरची भिंत पेलणारी आडवी तुळई, खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकायला हवं. आमचं एका बाजूला जेमतेम दोन इंच टेकवलेलं होतं, म्हणून वरचा सगळा भार त्या कोपऱ्यावर आला. साडेचार इंची भिंतीत दर तीन-चार फुटांवर सळया टाकून काँक्रीटची पट्टी ओततात. ती नव्हतीच! बिलात मात्र तिचे रनिंग फूट (लांबीच्या फुटावर पैसे) लावलेले. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर गिलाव्याखाली मारायची जाळीही बिलात होती, भिंतीत नव्हती. काम कच्चं राहिलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. जे घातलंच नाही त्याचे पैसे मोजून घेतले, ही सरळ चोरी आहे आणि तिचा राग अजून जात नाही.

विटा न भिजवताच लावलेल्या. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, मग सिमेंट धरत नाही. त्यात पाणीही नीट मारलेलं नसणार, कारण सांध्यात खिळा ओढला तर वाळू भुरूभुरू गळत होती. उभे सांधे तर कित्येक ठिकाणी पोकळच.

हे सगळं लपलं ते घाईमुळे. भिंती उभ्या राहतात न राहतात तोच त्याने गिलाव्याची माणसं आणली. "आज मिळालीत, उद्या मिळायची नाहीत, उरकून घेऊ." ठेकेदार असं म्हणाला की काम तिथेच थांबवा. 'वीटकाम तपासल्याशिवाय गिलावा नाही आणि त्या टप्प्याचा हप्ताही नाही' हे करारातच लिहून घ्या. तपासणारा इंजिनिअर तुमचा हवा, ठेकेदाराने आणलेला नको. पट्टीच्या सळया काँक्रीट ओतण्याआधीच दिसतात, तेव्हाच टेप लावून फोटो काढा. लिंटेल किती टेकलंय त्याचाही काढा. बिल आलं की प्रत्येक बाब त्या फोटोंशी ताडून पाहा.

आता वरच्या भिंतीला टेकू देऊन लिंटेल नव्याने बसवायचं काम चालू आहे. फोडलेल्या जागांचे फोटो आणि बिल जोडून आम्ही ठेकेदाराला लेखी नोटीस दिली आहे. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.