पाकिटावर "खुसखुशीत", तोंडात खडे! शंकरपाळी – २ स्टार

ऑनलाइन मागवलेली अर्धा किलो गोड शंकरपाळी, ब्रँडचं नाव घेत नाही कारण चव खरंच चांगली आहे, वेलची आहे, गोडी बेताची आहे, खवट वास अजिबात नाही. दोन स्टार त्याचेच. भांडण आहे ते पाकिटावरच्या एका शब्दाशी. मोठ्ठ्या अक्षरात लिहिलंय "खुसखुशीत".

आता खुसखुशीत म्हणजे काय हे घरी फराळ करणाऱ्या कुणालाही विचारा. दाताखाली जोर न लावता मोडलं पाहिजे, मोडल्यावर आत बारीक पापुद्रे दिसले पाहिजेत आणि जिभेवर विरघळायला लागलं पाहिजे. मी एक शंकरपाळं दोन बोटांत धरून मोडायला गेले तर कट्कन आवाज आला आणि अर्धा तुकडा सोफ्याखाली! याला आमच्याकडे कडक म्हणतात. बाबांनी कवळीचा विचार करून सरळ चहात बुडवलं.

लोक हल्ली कुरकुरीत आणि खुसखुशीत एकच समजतात, ते चूक आहे. कुरकुरीत चकली असते, तिचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. खुसखुशीत पदार्थाचा आवाज फक्त खाणाऱ्याला येतो. आणि हात लावताच भुगा होत असेल तर तो भुसभुशीत, तो शब्द मातीला शोभतो, शंकरपाळ्याला नाही. (विनोदही खुसखुशीत असतो, कुरकुरीत विनोद मी तरी अजून ऐकला नाही.)

चूक कुठे झाली तेही सांगते, बहुतेक मोहन कमी पडलंय. कडकडीत तूप किंवा तेल पिठाला नीट चोळलं, पीठ मुठीत दाबल्यावर मुटका तसाच राहिला, की समजायचं मोहन बरोबर आहे, कारण ती चरबी पिठाच्या कणांना लपेटून बसते आणि पीठ चिवट व्हायला मिळत नाही. फार घातलं तर शंकरपाळी तेलातच सुटतात ते वेगळं. शिवाय यांनी पीठ जरा जास्तच मळलं असावं आणि भराभर तळलं असावं, कारण वरून छान बदामी पण आत मधोमध एक पांढरट घट्ट रेघ. मंद आचेवर तळायला वेळ जातो, गॅस जातो, मान्य, पण मग तो शब्द छापू नका ना.

आणि खरी गंमत पाकिटाच्या मागच्या बाजूला. तिथे हिंदीत लिहिलंय "खस्ता". हिंदीत बरोबरच आहे, खस्ता कचोरी म्हणतातच की, पण मराठी माणूस "खस्ता खाल्ल्या" कधी म्हणतो? हाल सोसले की! त्यामुळे मागची बाजू एकदम खरी निघाली, आम्ही अर्धा किलो खस्ता खाल्ल्या.

सादळलेलं असेल म्हणून एकदा मंद ओव्हनमध्ये गरम करूनही पाहिलं, अजूनच दगड झाला. पॅकिंग चांगलं होतं, डिलिव्हरी वेळेवर.

त्यांचीच चकली सोबत मागवली होती, तिच्यावर "कुरकुरीत" लिहिलं होतं आणि होतीही तशीच, ती परत मागवणार.