काळी पिसं बघून कडकनाथ घेऊ नका, पुण्यातल्यांनी जरा वाचा

हडपसर ते उरुळी कांचन या पट्ट्यात कडकनाथ (आतून-बाहेरून काळी असलेली कोंबडीची महाग जात) म्हणून कुठलीही काळी पिल्लं खपवली जातायत, आमचे चांगले पैसे गेलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

उरुळीला आमच्या भावजींचं शेत आहे तिथे शेड टाकलं. पिल्लांसाठी सोलापूर रोडवरच्या एका हॅचरीवाल्याकडे गेलो, त्याने नर-मादीची जोडी दाखवली, ती एकदम अस्सल, तुरा जांभळट काळा, चोच काळी, नख्या काळ्या, त्याने चोच उघडून जीभ दाखवली तीसुद्धा काळी. "ताई, थेट झाबुआचा माल आहे," म्हणाला, म्हणजे मध्य प्रदेशातल्या कडकनाथच्या मूळ जिल्ह्यातला. आणि जोडी खरंच कडकनाथच होती हो, खोटेपणा पुढे झाला. पिल्लं रात्री टेम्पोने आली, टेप मारलेल्या खोक्यांत, ड्रायव्हर वेगळाच, आणि ती त्या जोडीची नव्हतीच.

मोठी व्हायला लागली तसे तुरे लालभडक झाले. पाय वरून काळेच, पण उलटं धरून बघितलं तर तळवे पांढरट गुलाबी, आणि मानेवरच्या पिसांत फुंकर मारली की खाली गोरी कातडी! वजनही धडाधड वाढत होतं. कडकनाथचा मोठा नर दीड-दोन किलोचा, मादी त्याहून कमी, यांची चण बघूनच कळत होतं की हे काहीतरी दुसरं आहे. गावातल्या डॉक्टरांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की ऑस्ट्रेलॉर्प जातीचा क्रॉस, म्हणजे संकर आहे. ती ऑस्ट्रेलियातली जात, अंडी भरपूर देते, पिसं काळी आणि उन्हात हिरवट चमकतात, कोंबडी म्हणून काहीच वाईट नाही, पण कडकनाथच्या भावात का घ्यायची? सासूबाईंनी एक कोंबडा कापला तेव्हा तर विषयच मिटला, हाडं पांढरी, चिकन नेहमीसारखं गुलाबी. कडकनाथमध्ये तो काळा रंग आतपर्यंत मुरलेला असतो, कातडी, मांस, हाडं, आतले अवयवसुद्धा काळपट.

पिसांच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. अस्सल कडकनाथमध्ये पूर्ण काळा असतो तसाच पेन्सिल्ड आणि गोल्डन पण असतो, मानेवर पांढरट किंवा सोनेरी छटा असलेला, म्हणजे लोक सोनेरी मानेचा चांगला पक्षी नाकारतात आणि काळाकुट्ट क्रॉस घेऊन जातात. तुऱ्यावर थोडी जांभळट झाक चालते, लाल नाही. सिल्की म्हणून आणखी एक कोंबडीची जात आहे, तिची कातडीपण काळी असते पण तिची पिसं केसांसारखी मऊ आणि पायाला पाच बोटं, कडकनाथला चार, त्यामुळे ती लगेच ओळखू येते. खरी पंचाईत कडकनाथच्याच क्रॉसची, कारण त्यात कातडी राखाडी निघू शकते आणि नवखा माणूस हो म्हणून जातो.

एक दिवसाच्या पिल्लात ओळखणं अवघड आहे, तरी खोकं तिथेच उघडा. पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी असतील तर ऑस्ट्रेलॉर्पचा संशय घ्या, मग लव बाजूला करून कातडी, तळवे आणि चोचीच्या आत बघा. दोन-चार नाही, प्रत्येक खोक्यातली थोडी बघा, कारण वरच्या थरात चांगली ठेवून खाली भलतीच भरतात. थोडी मोठी पिल्लं मिळत असतील तर जास्त पैसे देऊन तीच घ्या, मला तरी तेच बरं वाटतं.

अंड्यांचंपण तेच. कडकनाथचं अंडं काळं नसतं, क्रीम किंवा फिकट तपकिरी असतं, आकाराने लहान, आतला बलक नेहमीसारखा पिवळा. सोसायटीत कुणी चढ्या भावाने अंडी विकत असेल तर नुसतं कवच बघून खरं-खोटं कळणार नाही, कोंबडीच बघावी लागेल. आणि झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे सगळे विक्रेते सांगतात, पण त्याने तुमच्या खोक्यातलं पिल्लू कडकनाथ ठरत नाही.

हॅचरीवाल्याला परत जाऊन जाब विचारला तर तो म्हणतो, "पावतीवर कडकनाथ लिहिलंय का दाखवा." पावती काढली तर त्यावर "काळी पिल्लं" एवढंच, खाली नगाचा आकडा आणि सही. बोलणं सगळं कडकनाथचं, भाव कडकनाथचा, कागदावर मात्र नाव गायब, हे ठरवून केलेलं आहे. त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आहेत ज्यात त्याने स्वतः कडकनाथ लिहिलंय, ते, ऑनलाइन पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि पक्ष्यांच्या तळव्यांचे, कातडीचे फोटो जोडून ग्राहक आयोगात तक्रार करतोय. अजून कुणाला अशीच पिल्लं मिळाली असतील तर पक्षी विकून टाकायच्या आधी फोटो काढा, चॅट डिलीट करू नका, आणि नवीन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या, टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.