खाऱ्या वाऱ्यात टिकणारं सेसुव्हियम: काही महिन्यांच्या वापरानंतर

समुद्राकाठच्या रेताड उतारावर जमीन झाकायला काहीतरी हवं असेल, तर मी बेधडक सेसुव्हियम पोर्टुलाकॅस्ट्रम हे सरपटणारं रोप सुचवेन. गेले काही महिने ते माझ्याकडे वाढतंय आणि वाळू धरून ठेवण्यात त्याने मला पूर्ण जिंकलंय.

लावायला मुळं असलेलं रोप लागत नाही. वीतभर फांदीची दोन-तीन पेरं मातीत दाबली की झालं. रुजेपर्यंत पाणी मात्र चुकवू नये. पुढे फांद्या सरपटत जातात, जमिनीला टेकलेल्या पेरांपाशी मुळं फुटतात आणि वाळू जागोजाग टाके घातल्यासारखी पक्की बसते. जोराच्या पावसात झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक लगेच दिसतो.

पानं समोरासमोर, जाड, गुळगुळीत. देठ बऱ्याचदा लालसर. दिसायला घोळीसारखं असलं तरी याचं कूळ वेगळं, ऐझोएसी. मला सर्वांत थक्क करतं ते याचं मिठाशी असलेलं नातं. तिवराची पानं जास्तीचं मीठ ग्रंथींवाटे बाहेर टाकतात. याच्याकडे तशा ग्रंथी नाहीत. मुळांतून आलेलं सोडियम ते पानांच्या पेशींतल्या रिक्तिकांत, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांत, साठवतं. त्यामुळे पेशीतल्या नाजूक क्रिया सुरक्षित राहतात, शिवाय खाऱ्या मातीतूनही पाणी ओढून घेता येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तेवढा खारेपणाही हे सोसतं. पान चावलं की खारट लागतं, ते याच साठ्यामुळे.

फुलं लहान, गुलाबी-जांभळ्या चांदण्या. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती पाच परिदलं (पाकळी नि निदल असा भेद नसलेली दलं), बाहेरून हिरवी नि आतून रंगीत. फूल दिवसातले काही तासच उघडं असतं, त्यामुळे निव्वळ फुलांसाठी कुणी हे लावू नये.

सावलीत फांद्या लांबुळक्या होतात आणि गालिचा विरळ राहतो. पायाखाली पानं चिरडतात, म्हणून हिरवळीची जागा हे घेणार नाही. कडाक्याची थंडी, गोठलेलं दव याला मानवत नाही. आणि जमीन पुरती झाकेपर्यंत तण हातानेच उपटावं लागतं. इथे आळस नको.

याच कामासाठी कार्पोब्रोटस एड्युलिसही लावतात. मूळ दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती कॅलिफोर्नियात आणि भूमध्य समुद्राच्या काठी स्थानिक झाडोऱ्याला दडपत पसरली. म्हणून कुठलंही जमीन झाकणारं रोप आणण्याआधी ते आपल्या किनाऱ्यावर मुळात उगवतं का, हे जरूर पाहावं. सेसुव्हियम उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक किनाऱ्यांवर आढळतं.

जुन्या फांद्या मधोमध काष्ठमय होऊन उघड्या पडल्या, तर त्या छाटाव्या आणि कोवळे शेंडे त्याच जागी खोचावेत.