लेपर्ड गेको दुकानातून विकताना: रोखीने की जांगड?

अमेरिकेत घरी लेपर्ड गेकोंची (ठिपकेदार पाळीव पालींची) पैदास करणाऱ्यांसमोर दुकानदार सहसा दोन पर्याय ठेवतो. रोखीच्या व्यवहारात घाऊक भाव मिळतो, साधारण किरकोळीच्या निम्मा, कधी त्याहूनही कमी. पण पैसे लगेच हातात येतात, आणि पुढचं खाणं, हीटर, मरतूक सगळं दुकानाकडे.

जांगड, म्हणजे विकल्यावर पैसे या बोलीवर दिलं, तर विक्री होईपर्यंत पिल्लू तुमचंच. वाटा मोठा मिळतो, म्हणून मोह होतो. मग मेलं किंवा चोरीला गेलं तर नुकसान कोणाचं? हे कागदावर नसेल तर देऊच नका. गेकोला पोटाखाली ३१ ते ३३ अंश ऊब आणि किड्यांवर कॅल्शियमची पूड लागते. ते तिथे रोज कोण बघणार?

त्याहून मोठी भीती न विकता परत आलेल्या पिल्लाची. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी विष्ठेतून, पाण्याच्या वाटीतून, चिमट्यावरून पसरतो. शेपटी वाळत जाते, खात्रीचा इलाज नाही, साध्या ब्लीचलाही तो दाद देत नाही. असं एक पिल्लू थेट आपल्या रॅकमध्ये आलं तर सगळी पैदास धोक्यात. परत घ्यायचंच तर वेगळी खोली, वेगळी भांडी, काही महिने विलगीकरण आणि विष्ठेची पुन्हापुन्हा तपासणी.



माझं मत स्पष्ट आहे. नेहमीच्या रंगांची पिल्लं रोखीनेच द्या. जांगड फक्त महागड्या मॉर्फसाठी (वेगळ्या रंग-नक्षीच्या पिल्लांसाठी), तेही स्वतः गेको पाळणाऱ्या दुकानदाराकडेच.