झोपवून काढलेला एक्स-रे

‘ऑपरेशनशिवाय कणा सरळ’ अशी जाहिरात करणाऱ्या उपनगरातल्या एका सेंटरने माझ्या ताईकडून ८५ हजार उकळले. पैसे गेलेच, शिवाय भाचीच्या वाढीच्या वयातले कित्येक महिने वाया गेले. ज्यांच्या घरी वयात येणारं मूल आणि स्कोलिओसिसचा, म्हणजे कणा बाजूला वाकल्याचा, रिपोर्ट आहे, त्यांनी हे वाचावं.

भाची तेव्हा बारा वर्षांची. पुढे वाकली की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसायच्या. परळला ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवलं. उभं करून काढलेल्या एक्स-रेवर कॉब अँगल, म्हणजे कण्याच्या बाकाचं माप, २८ अंश आला. पाळी सुरू व्हायची होती, म्हणजे उंची झपाट्याने वाढायचे दिवस, आणि बाकही वाढतो तो तेव्हाच. डॉक्टरांनी रोज १८ तास ब्रेस आणि सोबत फिजिओथेरपिस्टकडे श्रॉथ पद्धतीचे, म्हणजे खास अशा बाकासाठीचे, व्यायाम सांगितले. ऑपरेशनचं नावही काढलं नाही. ते साधारण ४५-५० अंशांच्या पुढे बघतात.

मुंबईच्या मे महिन्यात अंगाला प्लॅस्टिकचं कवच आवळून बसायचं, आत घामोळं, युनिफॉर्मखालून कडा दिसतात. पोरगी रोज रडायची. अशात सोसायटीच्या ग्रुपवर त्या सेंटरचा व्हिडिओ आला.

तिथल्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने पहिलं काय केलं, तर ब्रेस काढायला लावला. “मॅडम, ह्याने स्नायू मरतात. ९० दिवसांत १० अंश कमी करून देतो, गॅरंटी.” मग कमरेला ताण देणारं टेबल, थरथरणारा पट्टा, पाठ कडाकडा मोडणं. पैसे एकदम नको म्हणाले, हप्ते करून दिले.

पॅकेज संपताना त्यांनीच एक्स-रे काढला. २१ अंश! ताईने पेढे वाटले. मला मात्र खटकलं, कारण पोरीचा खांदा तर आणखी उतरल्यासारखा दिसत होता. फिल्म घेऊन परत परळला गेलो. डॉक्टर फिल्म बघून म्हणाले, “हा झोपवून काढलाय.” आडवं झालं की कण्यावरचा शरीराचा भार जातो आणि बाक आपोआप कमी दिसतो. उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये पोटातली हवा वर आणि खाली द्रवाची आडवी सपाट रेघ दिसते. ती ह्यात नव्हती. त्यांनी उभं करून पुन्हा काढायला लावला. ३७ अंश.

मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, तोही ही मंडळी सुधारणेच्या खात्यात टाकतात.

मग ह्यांच्याकडे ‘बरे झालेले’ इतके पेशंट कुठून येतात? २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या मुलामुलींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांतही ४८ टक्के जणांचा राहिलाच. म्हणजे काहीही न करता जवळजवळ निम्मी मुलं निभावतात, आणि त्यांच्यातलं कोणी पट्टा-टेबलवाल्याकडे गेलेलं असलं की श्रेय त्याला. त्याच अभ्यासात ज्यांनी रोज सरासरी १३ तास किंवा जास्त ब्रेस घातला, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना यश आलं. आमच्या पोरीच्या अंगावरून उतरवला होता तो नेमका ब्रेस.

पैसे परत मागितले तर पावती पुढे केली. त्यावर ‘वेलनेस मेंबरशिप’ छापलंय, ‘उपचार’ हा शब्द कुठेच नाही. कर्ज फायनान्स कंपनीचं, त्यामुळे हप्ते सुरूच. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, म्हणून नंबर विचारला, तर म्हणे, “मी पोश्चर एक्सपर्ट आहे.” ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. दोन्ही फिल्म आणि ब्रेस काढायला सांगणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवलेत, तेच कामाला येतायत. पुढच्या कोणीही एक्स-रे काढला की मूळ फिल्म हातात मागून घ्या आणि मूल उभं होतं की आडवं, ते तिथल्या तिथे विचारा.

मधल्या काळात उंची वाढल्यामुळे जुना ब्रेस होईना, नवा करून घेतला. आत बिनशिवणीचा सुती बनियन घातला की घामोळं कमी होतं, हे आम्हाला ब्रेस बनवणाऱ्यांनी सांगितलं. वाढ अजून बाकी आहे, म्हणून डॉक्टर ऑपरेशनचं बोलत नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा फिल्म आहे.

तिचे २८ आणि २१ अंशांचे एक्स-रे त्या सेंटरच्या जाहिरातीत अजून फिरतायत. काढून टाका म्हणून ताईने लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही.