लडी घ्यावी की गुंडा?

दादरला क्रोशासाठी लोकर घ्यायला गेले की माझं वाक्य ठरलेलं असायचं, "याचे सहा गुंडे द्या, एकाच लॉटचे." आपण लोकर म्हणतो ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागाच असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाचं काही बिघडत नाही. मग एका दुकानात हाताने रंगवलेल्या लडी, म्हणजे गुंडा न करता सैल वेढ्यांत ठेवलेला धागा, टांगलेल्या दिसल्या. मेरिनो मेंढीच्या लोकरीची 100 ग्रॅमची बारीक धाग्याची लडी, जवळजवळ 400 मीटर. किंमत पाहून परत टांगली, दारापर्यंत गेले, फिरून आले आणि घेतली. आता मैत्रिणी विचारतात, आपणही घ्यावी का?

अंथरुणावरची चादर, बाळाचं ब्लँकेट, मोठ्या माणसाचा स्वेटर करायचा असेल तर गुंडेच घ्या. गुंड्याच्या लेबलवर लॉट नंबर असतो, तो जुळला की रंग जुळतो. हाताने रंगवलेल्या दोन लडी एकाच पातेल्यातून निघाल्या तरी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, जुळ्यांसारख्या नाहीत. दोन-दोन ओळींनी लडी बदलत विणलं तर फरक लपतो, पण मग धाग्याची टोकं लपवत बसावं लागतं. शिवाय क्रोशाला सुयांच्या विणकामापेक्षा धागा बराच जास्त लागतो, साधारण पाव ते एकतृतीयांश. महाग धाग्यात हे खिशाला टोचतं.

रंगाची गोष्ट मात्र वेगळी. गुंड्यातला निळा म्हणजे निळा. लडीतला निळा कुठे गडद, कुठे पाण्यासारखा. खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, धागा भरपूर खातो, त्यामुळे चार-पाच रंगांची लडी जाळीच्या नक्षीत घातली की नक्षीही दिसत नाही आणि रंगांचे डाग पडल्यासारखे वाटतात. माझी पहिली चूक हीच. अशा लडीला मुके खांब (आखूड टाके) आणि एकेक साखळी आलटून-पालटून घाला. रंग तुटून छान विखुरतात. नाजूक नक्षी हवी असेल तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांची लडी निवडा.

दुसरी चूक लडी सरळ विणायला घेण्याची. दोन तास गुंता सोडवला. खुर्चीच्या पाठीवर किंवा घरातल्या कुणाच्या तरी हातांवर लडी अडकवून आधी गुंडा करा. आणि पांढऱ्या काठाशी जोडण्याआधी धागा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. लोकरीवर रंग व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व आणि उष्णता यांनी पक्का होतो, सुतावर धुण्याच्या सोड्याने. तरी गडद लाल-निळे पहिल्या धुण्यात थोडे सुटतात.

मुंबईत मेरिनो घालायची कधी, असं विचाराल. एसी लोकलमध्ये, एसी ऑफिसात. बाकीच्या दिवसांसाठी हाताने रंगवलेलं सूत बघा, अंगाला चिकटत नाही. पावसाळ्यात मेरिनो हवाबंद डब्यात ठेवा, कसर लागते. अ‍ॅक्रिलिकची ही काळजी नाही, ते मशीनमध्येही धुता येतं.

पहिल्यांदा घेत असाल तर एकच लडी घ्या आणि कोपऱ्यातून सुरू होणारी तिरकी शाल विणा. ती कुठेही थांबवता येते. मी घरच्या वजनकाट्यावर गुंडा ठेवत विणलं. 12 ग्रॅम उरल्यावर काठाला लागले.